भाग तिसरा

मांडवीजवळच्या लायब्ररीत
वरच्या मजल्याची जमीन काचेची आहे,
जाड, दुधी.
खाली कपाटांच्या मधे उभं राहिलं
की डोक्यावरून चपलांचे तळ चालत जातात.
माणूस दिसत नाही. नुसती ठप ठप सावली.

एककानी चोरटी मला खालीच भेटली,
विक्रीकराच्या कायद्याशेजारी,
कोणीतरी चुकून खुपसलेली.
भाग पहिला. पाठीला चिकटपट्टी,
पान सातवर कोणाचा तरी चहा.
म्हटलं, बसू दोन मिनिटं.
शिपाईकाका दिवे घालवत आले तेव्हा
ती तुरुंगाच्या गटारातून बाहेर सरपटत होती
आणि माझे दोन्ही पाय बधिर.

भाग दुसरा रात्री, चादरीत, मोबाईलच्या उजेडात.
आई दारातून, "किती राहिली केमिस्ट्री?"
"संपतच आली ने."
अगदीच खोटं नव्हतं.
त्या पानावर विष उकळत होतं.

मग तिसरा नाही.
चौथा आहे, पाचवा आहे,
तिसऱ्याचं कार्डसुद्धा आहे.
मोहितेबाई चष्म्यावरून बघतात,
"दोन हजार चौदा साली नेलाय. येईल."
परदेशी गेलेल्या मुलाबद्दल बोलावं
तसं म्हणतात त्या, येईल.

हेत्वीनं वाचलाय. सुरतेला, मामाकडे,
आणि पुस्तक सुरतेलाच.
सूरसागरच्या कठड्यावर बसवून
मी तिला सेव-उसळ चारली,
माझ्या पैशांची, वर जादा तरी.
"सांग ने, दीपगृहातला तो जगतो का?"
बोटं चाटत ती म्हणाली, "पहेलां वांच."
मैत्रीत इमान म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.
मला ते आवडलं नाही.

चौथा महिनाभर उशाशी. उघडला नाही.
तिसरा मीच लिहायला घेतला,
फिजिक्सच्या जर्नलमधे,
उजव्या पानावर लोलक, डाव्यावर दरोडा.
बर्फ मला जमत नाही, म्हणून बर्फ काढून टाकला.
चोरटी उत्तरायणाला गच्च्यागच्च्यांवरून पळते,
त्या दिवशी वर बघणारे सगळे
फक्त पतंग बघतात.
दीपगृहाच्या जागी मांडवीचा दरवाजा.
त्यावर डांबलेल्या पोराला
मुळात सोनेरी केस होते,
माझ्याकडे आडनाव आहे. खानविलकर.
धुळीनं शिंकतो.
दोन भाग वाचले, पण तो शिंकेपर्यंत
मला त्याचा आवाज कधी ऐकूच आला नव्हता.

मरतो का?
तीनदा मारला. तीनदा खोडलं.
शेवटी तिनं मांज्यानं त्याचा दोर कापला
आणि दोघं पोळांच्या गर्दीत नाहीसे.

जर्नल तपासून आलं.
लोलकाखाली लाल शाईत, आवर्तकाल चुकला.
डावीकडे पेन्सिलनं, बारीक अक्षरात,
दोर ओला असेल तर मांज्यानं कापत नाही. पुन्हा बघ.
टिपरे सर वर्गात कधी हसले नाहीत.
त्या दिवशीही नाही.

पानं सुटी केली, सुतळीनं शिवली,
पुठ्ठा आईच्या साडीच्या खोक्याचा.
मोहितेबाईंनी ते हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं,
शिक्का मारला नाही.
"मी पाहिलेलं नाही," म्हणाल्या,
आणि माझ्यासमोर वर जाऊन
दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधे सरकवलं.
चार वर्षांच्या सवयीनं कलती झालेली ती रांग
सरळ झाली.

आज शनिवार. मी खाली, विक्रीकरात.
हेत्वी म्हणते, वेडी आहेस, क्लास बुडवून चपला बघतेस.
साडेचारला एक जोडी आली,
डावी टाच झिजलेली.
पुढे गेली. मागे आली. थांबली,
बरोबर तिथेच.
टाचा उचलल्या गेल्या, म्हणजे हात वर गेला असणार.
मग बराच वेळ काही नाही.
मग काचेवर एक मोठा, गोल, गडद डाग,
कोणीतरी तिथंच बसलं.

मी मान मोडेपर्यंत वर बघते आहे.
दोर ओला होता की कोरडा,
ते मी अजून ठरवलेलं नाही.